दीड टन पासिंगची पिकअप, ४० गोण्या कांदा आणि कसारा घाट: पाटे वाढवू का?

शिवारातला_पंक्या

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा लिहितोय, सांभाळून घ्या.

निफाड तालुक्यात शेती आहे. मागच्या दिवाळीत जुनी पिकअप घेतली, दीड टन पासिंग, म्हणजे कागदोपत्री दीड टन माल. (कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही नको होती, ती घ्यायची' याच फाट्याला लागेल.) घरचा माल आणि वस्तीवरच्या दोघा-तिघांचा मिळून आठवड्याला एखाद-दुसरी फेरी वाशीला होते. ४० गोण्या कांदा टाकतो. म्हणजे दोन टन. सगळेच टाकतात.

परवा पहाटे साडेतीनला कसारा घाट उतरत होतो. निम्म्यावर आलो आणि ब्रेकचं पेडल एकदम खाली गेलं. लागत होता, पण ओल्या बोळ्यावर पाय दिल्यासारखा. मागून जळका वास. गाडी थर्डला होती, सेकंडला पाडली, हँडब्रेक थोडाथोडा ओढत कशीतरी कडेला घेतली. शेजारी धाकटा भाऊ झोपला होता, त्याला उठवलं नाही. चाकं एवढी तापली होती की जवळ हात नेववत नव्हता. अर्ध्या तासाने पेडल दाबून बघितलं तर पहिल्यासारखं कडक! त्याने तर जास्तच घाबरलो. बिघाड असता तर राहिला असता ना?

आमचा गॅरेजवाला म्हणतो, गाडी मागून बसते म्हणून हे होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढवू, मग अडीच टनालाही हलणार नाही. आठ हजार सांगतोय. टाकू का?

लाल_फडकं

टाक बिनधास्त. माझ्या गाडीला पाच वर्षं झाली पाटे वाढवून. अडीच टन भरतो, कधी तीनही होतं. गाडी तसूभर बसत नाही. घाटात ब्रेक तापतात, ते सगळ्यांचेच तापतात. थांबायचं, चहा घ्यायचा, निघायचं.

पान्हा_सतरा

पंकज, टाकू नका. आणि हे कोण सांगतंय बघा: माझं संगमनेरला गॅरेज आहे, पाटे टाकून द्यायचा धंदाच करतो. गिऱ्हाईक ऐकत नाही, मी नाही टाकले तर पलीकडचा टाकतो, म्हणून टाकतो. पण इथे विचारलंत म्हणून खरं सांगतो.

पाटे वाढवले की एकच गोष्ट होते, गाडी बसायची थांबते. हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधला आडवा एक्सल) तेच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेकचे ड्रम तेच, चेसी तीच. गाडी बसते तेव्हा ती तुम्हाला सांगत असते की आता पुरे. पाटे वाढवणं म्हणजे तिचं तोंड दाबणं.

दुसरी गोष्ट, ही फार जणांना माहीत नसते. गाडीखाली वाका आणि मागच्या हाउसिंगच्या वर बघा. बऱ्याच पिकअपना तिथे चेसीला एक छोटा वाल्व असतो आणि त्यातून एक दांडी किंवा स्प्रिंग खाली हाउसिंगला जोडलेली असते. एलएसपीव्ही म्हणतात त्याला. त्याचं काम असं: रिकाम्या गाडीत मागे जोरात ब्रेक लागला तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी फिरते, म्हणून मागचं प्रेशर तो कमी ठेवतो. माल भरला, गाडी बसली, चेसी आणि हाउसिंगमधलं अंतर कमी झालं, की दांडी हलते आणि वाल्व मागे पूर्ण प्रेशर सोडतो.

आता पाटे वाढवल्यावर काय होईल? गाडी बसणारच नाही. वाल्वच्या लेखी गाडी रिकामी. वर दोन टन कांदा आणि मागच्या ड्रमला रिकाम्या गाडीचं प्रेशर. सगळं ओझं पुढच्या डिस्कवर. लाल_फडकं भाऊ, तुमचे पुढचे पॅड किती दिवसांनी बदलता?

लाल_फडकं

चार महिन्यांनी. पण ते पॅड हल्ली डुप्लिकेट येतात म्हणून.

पान्हा_सतरा

बरं.

चाकण_दुसरी_पाळी

ब्रेकच्या सुट्या भागांच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे, म्हणून 'अर्ध्या तासाने पहिल्यासारखं कसं झालं' एवढ्यापुरतं लिहितो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (ऑइलची एक प्रत) ताजं असताना साधारण २०५ अंशांना उकळतं. पाणी मुरलेलं असेल तर मानकाप्रमाणे १४० पर्यंत खाली येतं. डॉट ४ चं २३० आणि १५५. तुमचं ऑइल मागच्या मालकाने कधी बदललं, देव जाणे. झाकण उघडून बघा. ताजं फिकट मधासारखं दिसतं. तुमचं बहुतेक काळ्या चहासारखं असेल. चाकाजवळ ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. गार झालं की वाफेचं परत तेल होतं आणि पेडल कडक. गाडी दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला दाखवा, तो म्हणणार 'काही नाही, मस्त आहे'. जळका वास लायनिंगचा, म्हणजे ड्रमला घासून चाक पकडणाऱ्या थराचा. फार तापलं की तेही पकडत नाही.

उष्णता किती, ते बघा. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत उतार साधारण ३०० मीटर. गाडी मालासकट चार टन धरली तर तेवढं उतरताना जी ऊर्जा बाहेर पडते तिच्यात ३५ लिटर गार पाणी उकळेल. नुसतं गरम नाही, खळखळून. यातली थोडी वारा आणि टायर खातात, थोडी इंजिन, जर गिअर बरोबर असेल तर. उरलेली सगळी चार चाकांतल्या लोखंडात. तीन टनाच्या गाडीसाठी ती लोखंडं केलेली आहेत.

४०७चे_नाना

बाळा पंकज, ३१ वर्षं गाडी चालवली, त्यातली २६ घाटात. आता गुडघे गेले म्हणून नातवाच्या मोबाइलवर हे वाचतो.

थर्डला उतरत होतास, तिथेच चुकलं. भरल्या गाडीला जो गिअर चढायला लागतो तोच उतरायला. कसारा तू सेकंडला चढतोस ना? मग सेकंडलाच उतर. आणि गिअर घाट सुरू व्हायच्या आधी पाडायचा, वेग चढल्यावर नाही. मधेच पाडायला गेलास आणि पडलाच नाही तर गाडी न्यूट्रलला राहते, मग पांडुरंग. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा. सोडला की चाक श्वास घेतं.

काही शहाणे डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. अरे, गिअरमध्ये उतारावर पाय उचललास तर आजच्या इंजिनात डिझेल जातच नाही. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला जातं. वाचत काहीच नाही, वर गाडी मोकाट. इंजिनच बंद केलंस तर ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम संपतो, दोन-तीनदा दाबलं की पेडल दगड होतं.

हँडब्रेक ओढलास ते त्या वेळी बरोबर. पण तोही त्याच तापलेल्या मागच्या ड्रमवर चालतो, हे ध्यानात ठेव.

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ पासून सुरू आहे, तिथून जा. घाटाऐवजी आठेक किलोमीटरचा बोगदा आहे, उतार सरळ. टोल लागेल. मात्र तिथे टायर सांभाळ. सरळ रस्त्यावर पाय जड होतो आणि मालगाडीला ८० ची मर्यादा आहे ती कोणी बघत नाही.

आणि आधी काटा कर. गोण्या मोजून वजन होत नसतं.

माग_आणि_मी

जरा अवांतर, पण कामाचं आहे. आमचं इचलकरंजीत यंत्रमागाचं सामान हलवायचं काम. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. कांद्याच्या गोण्या एकमेकींत रुतून बसतात, बिडाचं (ओतीव लोखंडाचं) सामान तसं बसत नाही, ते निघून जातं.

गेल्या पावसाळ्यात हातकणंगल्याच्या पुढे आमच्या एका गाडीपुढे कुत्रं आलं. पोराने ब्रेक मारला. हौद्यातला मागाचा सांगाडा दोरीने चारी बाजूंनी बांधलेला होता, तरी सरकला आणि केबिनच्या मागच्या पत्र्याला वीतभर पोचा काढला. पोराच्या डोक्यामागे बरोबर. दोरी तुटली नव्हती. नायलॉनची दोरी ताणते, तेवढी ताणली. शिवाय मागाचे पाय तेलकट, हौद्याचा पत्रा गुळगुळीत, वर पाऊस.

तेव्हापासून आमचा नियम: लोखंडावर लोखंड ठेवायचं नाही. जुन्या टायरचे पट्टे कापून ठेवलेत, ते खाली अंथरायचे. सामान पुढच्या पत्र्याला टेकवून ठेवायचं किंवा मधल्या फटीत लाकडी ओंडका आडवा अडकवायचा, म्हणजे पुढे जायला जागाच राहत नाही. बाजूंनी गुटके ठोकायचे. बांधायला रॅचेटचे पट्टे. पट्ट्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं किलो वाचायचं, बिडाच्या धारेवर पट्टा आला तर खाली गोणपाटाची घडी. आणि निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायचं. माल बसतो, पट्टा ढिला पडतो. हे थांबायचा कंटाळा सगळ्यांना येतो. मलाही येतो.

टेक्सासची_मावशी

माग_आणि_मी, शाब्बास गं. इकडे मोठ्या मालगाड्यांना नियमच आहे की बांधलेल्या सगळ्या पट्ट्यांची मिळून ताकद मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. घरगुती पिकअपला कोणी विचारत नाही. आमचे शेजारी गादी नुसती हाताने धरून नेतात.

पंकज, इथे ड्रायव्हरच्या दाराच्या खाचेत एक स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून इतके पौंड. माझ्या गाडीवर १,६०० पौंड आहेत. मी, नवरा आणि दोन आडदांड मुलगे बसलो की सहाशे गेले. उरले हजार. बागेसाठी खडी आणायला गेलो, लोडरवाला म्हणाला, अर्धा यार्ड टाकू ना? अर्धा यार्ड म्हणजे चौदाशे पौंड. हौद्याच्या तळाला जेमतेम पसरते, दिसायला काहीच नाही. पोरांना घरी सोडून दोन फेऱ्या केल्या. सांगायचं एवढंच की हौदा भरलेला दिसत नाही म्हणजे जागा आहे असं नाही.

वीटभट्टी_रोड

मावशी, हेच आमच्याकडे वाळूचं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साडेचार टनांच्या आसपास. ओली असेल तर जास्तच. लोक पिकअपला 'अर्धा ब्रास टाक' म्हणतात. सव्वादोन टन झाले की! सिमेंटचं बरं, ५० किलोची बॅग, ३० बॅगांत दीड टन, मोजता येतं. ओली वाळू फसवते.

द्राक्षबाग_तासगाव

आणि पाणी? उन्हाळ्यात बागेला पाणी न्यायला पिकअपमध्ये दोन हजार लिटरची टाकी ठेवतात. 'दीड टन पासिंग आहे ना, मग पाऊणच भरू.' पाऊण भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षा वाईट. वळणावर पाणी एका बाजूला चढतं, तुम्ही स्टेअरिंग सरळ केलं तरी ते अजून तिकडेच असतं, मग एकदम परत येतं. मी ओढ्याच्या वळणावर दोन चाकांवर गेलो होतो, वेग जेमतेम तीस. आता पाचशेच्या दोन टाक्या ठेवतो, दोन्ही गच्च. एकाच टाकीपुरतं पाणी हवं तर एक गच्च आणि दुसरी कोरडी, मधलं काही नाही.

लाल_फडकं

सगळे साहेब लोक झाले इथे. मला एक सांगा, ४० च्या जागी २५ गोण्या नेल्या तर भाडं परवडणार कसं? वाशीला जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर, बाराचं अॅव्हरेज धरलं तरी साडेतीन हजाराचं डिझेल, वर टोल. दोन टनावर किलोला पावणेदोन रुपये पडतात. सव्वा टनावर पावणेतीनच्या पुढे. कांदा आठ रुपयांनी जातो तेव्हा तो एक रुपया कुठून आणायचा? शेतकऱ्याच्या खिशातून?

४०७चे_नाना

हे तुझं म्हणणं खोटं नाही. मीही आयुष्यभर जादा भरलं, उगाच साळसूदपणा कशाला. पण ते काय काय खातं तेही लिही. टायर किती चालतात तुझे? पिनियन (हाउसिंगमधलं दातेरी चाक) बदललास का? बेअरिंग?

लाल_फडकं

टायर दीड वर्ष. पिनियन एकदा. मागचं बेअरिंग दोनदा.

पान्हा_सतरा

आणि पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट?

लाल_फडकं

तो मोजत नाही.

काळा_कोट_पांढरी_गाडी

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४, २०१९ च्या दुरुस्तीनंतर: जादा वजनाला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, उतरवायचा खर्च तुमचा. मालाचा भाग बाजूने, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर वेगळे २०,०००. लाल फडकं बांधलं की सळ्या बाहेर काढता येतात हा गैरसमज आहे (आयडीवर रोख नाही!).

परवान्याबद्दल: ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे ७,५०० किलोच्या आतल्या मालगाडीला साधा एलएमव्ही (हलक्या वाहनाचा) परवाना चालतो. त्यामुळे 'बॅज (व्यावसायिक गाडीची वेगळी नोंद) नाही' म्हणून घाबरू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, मालावर माणसं बसवू नका. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोबत असेल तर त्याचा विमा असतो, पण तो केबिनमध्ये. फुकट बसलेल्या वऱ्हाडाचा, वारकऱ्यांचा, मजुरांचा मालगाडीच्या विम्यात समावेश नसतो. भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर येते, अशा केसेस मी पाहिल्यात.

शिवारातला_पंक्या

मंडळी, आठ दिवसांनी येतोय. काटा केला. नाना म्हणाले तसा, आणि तोही तीनदा: रिकामी, भरलेली आणि फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. काट्यावाला हसत होता, म्हणाला असं कोणी करत नाही.

आरसीवर रिकामी गाडी १,७४० आणि भरलेली ३,२४०. म्हणजे दीड टन, बरोबर. पण काट्यावर रिकामी गाडी २,०१० भरली! आधीच्या मालकाने लोखंडी जाळीची बॉडी वाढवलीय, खाली जाड पत्रा मारलाय, दोन स्टेपन्या, ताडपत्री, टाकी फुल, मी आणि भाऊ. म्हणजे दीड टन पासिंगच्या गाडीत माझ्या वाट्याला १,२३० किलोच राहतात.

गोण्या ५० च्या म्हणतो आपण. सरासरी ५२ निघाली. ४० गोण्यांचे २,०८० किलो. एकूण ४,०९०. साडेआठशे किलो जादा.

मागचा एक्सल एकटा २,८३०. टायरवर ११० आकडा होता, चाकण_दुसरी_पाळी यांना व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं, म्हणाले ११० म्हणजे १,०६० किलो एका टायरला. दोन टायरांना २,१२० आणि माझे २,८३०. प्रत्येक मागच्या टायरवर साडेतीनशे किलो फुकट. हवाही दारावरच्या चिठ्ठीपेक्षा कमी होती, कारण मी ती गाडी तापल्यावर पंपावर भरायचो आणि जास्त दाखवते म्हणून सोडायचो.

ब्रेक ऑइल बदललं. चहासारखंच होतं. मागच्या लायनिंगला काचेसारखी चमक आली होती, ती नवीन टाकली. वाल्वची दांडी मागच्या मालकाने तारेने बांधून ठेवली होती! ती सोडवली. पाटे टाकले नाहीत.

चाकण_दुसरी_पाळी

दांडी तारेने?! ती बसवून देणाऱ्याकडून अंतर तपासून घ्या, नुसती सोडवून चालत नाही.

आणि गोण्या लावताना: फाळक्याच्या बाहेर लोंबणाऱ्या गोण्या बंद करा. दोन चाकांतलं अंतर तीन मीटर धरा. मागच्या चाकाच्या एक मीटर मागे ३०० किलो ठेवले तर मागच्या एक्सलवर ४०० चढतात आणि पुढचा १०० नी हलका होतो. म्हणजे स्टेअरिंग आणि पुढचे ब्रेक, जे गाडी थांबवतात, तेच हलके. जड माल तळाला, मागच्या चाकाच्या थोडा पुढे.

शिवारातला_पंक्या

काल २३ गोण्या नेल्या. समृद्धीने नाही, मुद्दाम कसाऱ्यानेच गेलो, सेकंडला. ब्रेकला पाच-सहा वेळाच पाय लागला असेल. खाली उतरून चाकाजवळ हात नेला, नुसतं कोमट.

पण १७ गोण्या कांदाचाळीतच राहिल्या. त्यातल्या अकरा चुलत्यांच्या. दोन दिवस बोलत नाहीत. आम्ही चौघांनी मिळून पुढच्या वेळी आयशर ट्रक सांगायचं ठरतंय, किलोला किती बसतंय ते काढतोय. लाल_फडकं भाऊंचा हिशेब चुकीचा नव्हता, तो एक रुपया खरंच जातो. जुळलं नाही तर लासलगावलाच घालू.

लाल_फडकं

पंकज, ते एक्सलचं वेगळं वजन करायचे किती घेतले त्याने?

शिवारातला_पंक्या

दादा, तीन पावत्यांचे दीडशे. पहाटे जा, नंतर ट्रॅक्टरची रांग लागते.